मूल मागे पडतंय: सेकंडरी शाळेत कुणाशी, कधी आणि काय बोलायचं (पायरीपायरीने)

दर टर्मचा रिझल्ट लागला की हेच होतं. मार्क खाली आलेले दिसले की काही पालक दुसऱ्या दिवशी सकाळी थेट प्रिन्सिपलना भेटायला येतात, काही त्याच संध्याकाळी ट्यूशन लावून मोकळे होतात, आणि काही 'पुढच्या टर्मला बघू' म्हणून गप्प बसतात. मूल आहे तिथेच राहतं. मी सेकंडरीला शिकवते, वर्गशिक्षकही आहे, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने जे दिसतं ते लिहितेय. मदत मिळत नाही तेव्हा बऱ्याचदा पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रायमरीत एकच बाई दिवसभर मुलाला बघत असतात. सेकंडरीत सात-आठ विषय, सात-आठ शिक्षक, आणि प्रत्येकाला मूल दिसतं ते एकेका तासापुरतं. गणिताच्या सरांना वाटतं गणित कच्चं आहे, सायन्सच्या मॅडमना वाटतं लक्ष नाही, भाषेच्या बाई म्हणतात अक्षर वाईट. या तिघांचं बोलणं एकत्र करून 'अरे, याला प्रश्न वाचायलाच फार वेळ लागतोय' असं म्हणणारं कुणी नसतं. ते एकत्र जोडायचं काम तुम्हाला सुरू करावं लागतं, शाळा ते आपणहून करेल याची वाट बघू नका.

आणि प्रायव्हेट शाळा म्हटली की प्रत्येकीची पद्धत वेगळी. एकीकडे स्पेशल एज्युकेटर पूर्णवेळ असतात, दुसरीकडे आठवड्यातून एकदा येतात, तिसरीकडे नसतातच. कुठे सपोर्ट फीमध्ये धरलेला असतो, कुठे त्याचे वेगळे पैसे. त्यामुळे 'आमच्या ओळखीतल्यांच्या शाळेत असं करतात' हा मुद्दा मीटिंगमध्ये काढून काहीही होत नाही, उलट वेळ जातो.

१. शाळेचे कागद आणि माणसं ओळखून घ्या

प्रवेशाच्या वेळी सही केलेलं हँडबुक शोधा. बहुतेकांनी ते उघडलेलंच नसतं. त्यात चार गोष्टी बघायच्या: जादा मदतीबद्दल काय लिहिलंय, रीटेस्ट आणि उशिरा दिलेल्या कामाचे नियम काय, सपोर्टचे वेगळे चार्जेस आहेत का, आणि तक्रार कुठल्या क्रमाने करायची. नसेल सापडत तर ऑफिसला दोन ओळींचा मेल टाकून मागवा, 'तुमच्याकडे पॉलिसी आहे का' असं विचारू नका, 'लर्निंग सपोर्टची पॉलिसी पाठवाल का' असं विचारा.

मग माणसं. वर्गशिक्षक हा तुमचा पहिला संपर्क, सगळ्या विषयांचा निरोप इथूनच फिरतो. विषय शिक्षक त्या त्या विषयाचं सांगतील. को-ऑर्डिनेटर टाइमटेबल, सेट (पातळीप्रमाणे केलेला गट) बदलणं, विषय बदलणं असले निर्णय घेतात. काउन्सिलर मनाचं बघतात, स्पेशल एज्युकेटर शिकण्याचं. या शेवटच्या दोघांमध्ये पालकांची कायम गल्लत होते. वाचन अडखळतंय म्हणून काउन्सिलरकडे पाठवलं आणि चार सेशननंतर 'काही फरक नाही' म्हणून सोडून दिलं, हे मी फार वेळा बघितलंय. फरक पडणार कसा, ते त्यांचं काम नव्हतंच.

चेक: कुणाला मेल टाकायचा त्याचं नाव आणि मेल आयडी तुमच्याकडे लिहिलेला आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

२. पेपर काढा आणि गेलेले मार्क वेगळे करा

सगळ्यात जास्त उपयोगी पायरी ही आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. रिपोर्ट कार्डवरचा आकडा काहीच सांगत नाही. तपासलेले पेपर लागतात, किमान तीन विषयांचे, जमलं तर एकापेक्षा जास्त टेस्टचे. शाळा पेपर घरी देत नसेल तर बघायला बोलावतात, तेव्हा वही घेऊन जा आणि तिथे बसून नोंद करा.

मुलासोबत बसा (रागावण्यासाठी नाही हे आधीच सांगा) आणि जिथे मार्क गेले तो प्रत्येक प्रश्न तोंडी विचारा. उत्तर सांगायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग प्रत्येक गेलेला मार्क या सहापैकी एका ढिगात टाका:

अ) माहीतच नव्हतं. धडा झालाच नव्हता, त्या दिवशी गैरहजर होतं, किंवा समजलंच नव्हतं.
आ) माहीत होतं पण ऐनवेळी आठवलं नाही.
इ) प्रश्न चुकीचा वाचला. 'कारणे द्या' विचारलं आणि वर्णन लिहिलं, 'तुलना करा' म्हटलं आणि एकाच बाजूबद्दल अर्धं पान.
ई) तोंडी नीट सांगतंय, लेखी मांडता आलं नाही.
उ) वेळ संपला. शेवटची पानं कोरी.
ऊ) घाईची चूक. चिन्ह, एकक, उत्तर उतरवून घेताना आकडा बदलला.

मार्क मोजा, प्रश्न मोजू नका. समजा ८० चा सायन्सचा पेपर आहे, ४७ मिळाले, ३३ गेले. त्या ३३ मध्ये ६ माहीत नव्हते म्हणून, ११ वेळ संपला म्हणून, ९ तोंडी येत होते पण लिहिता आले नाहीत, ४ प्रश्न चुकीचा वाचला आणि ३ घाई. आता तुम्हीच बघा, या मुलाला सायन्सची ट्यूशन लावली तर ती जास्तीत जास्त त्या ६ मार्कांवर काम करणार. वेळ आणि लिखाण मिळून २० मार्क तसेच जात राहणार, वर रोजचा एक तास कमी झाला तो वेगळाच.

ढिगांचा अर्थ ढोबळ मानाने असा. 'अ' मोठा असेल तर शिकवण्याची गरज आहे, त्यातही नेमके कुठले धडे ते शोधा. 'आ' मोठा असेल तर अभ्यासाची पद्धत बदलायला हवी (आठव्या पायरीत आहे). 'इ' मोठा असेल आणि तो एकाच विषयात असेल तर प्रश्नाची भाषा शिकवून सुटतो, पण सगळ्या विषयांत असेल तर वाचनाकडे बघा. 'ई' आणि 'उ' दोन्ही मोठे, तेही तीन विषयांत, तर ही मेहनतीची बाब नाहीये, स्पेशल एज्युकेटरला दाखवायची गोष्ट आहे. 'ऊ' बद्दल पालक सगळ्यात जास्त चिडतात आणि बहुतेक पेपरमध्ये तोच सगळ्यात लहान निघतो.

सावधान: पेपरचे फोटो वर्गाच्या पालक ग्रुपवर टाकून 'हे बरोबर तपासलंय का' विचारू नका. एकदा तिथे गेलं की शिक्षक बचावाच्या मूडमध्ये जातात आणि तुमचं मूल वर्गात चर्चेचा विषय होतं.

३. घसरण कशी झाली ते बघा

अचानक की हळूहळू की पहिल्यापासूनच, या तीन गोष्टींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

सगळ्या विषयांत अचानक, एक-दोन महिन्यांत, मार्क पडले असतील तर अभ्यासाच्या बाहेर बघा. मित्रांमधलं भांडण, कुणी त्रास देतंय, घरात काही बदल झालाय, आजारपण, झोप. एकाच विषयात हळूहळू घसरत आलं असेल तर मागच्या वर्षातलं काहीतरी पक्कं राहिलेलं नाही, बीजगणितात अडकलेल्या मुलाचे अपूर्णांक तपासा, बरेचदा तिथेच असतं. आणि लहानपणापासून वाचन-लिखाण-आकडे कष्टाने होत असतील, फक्त सेकंडरीत काम वाढल्यामुळे आता दिसायला लागलं असेल, तर असेसमेंटचा, म्हणजे शिकण्यात नेमकं कुठे अडतंय याच्या तज्ज्ञांकडून तपासणीचा, विचार करावा लागेल. हुशार मुलं प्रायमरीत पाठांतरावर निभावून नेतात त्यामुळे डिस्लेक्सिया (वाचन-लिखाण शिकण्यातली अडचण) आठवी-नववीपर्यंत लपून राहू शकतो.

शरीराचं पण उरकून घ्या. डोळे आणि कान दोन्ही तपासा, मायनस नंबर याच वयात वाढतो आणि मागच्या बाकावरच्या मुलाला फळा अंधुक दिसतोय हे तो स्वतःहून सांगेलच असं नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. झोप: १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास लागते. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग येत नाही, त्यामुळे पहिल्या दोन तासिकांना पेंगणारं मूल आळशी ठरवण्याआधी फोन रात्री खोलीबाहेर ठेवून दोन आठवडे बघा.

थांबा: मूल जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, खाणं बंद केलं असेल, तर या लेखातल्या पायऱ्या बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टर, आणि शाळेच्या काउन्सिलरला फोन. त्या वेळी त्याला एकटं सोडू नका. मार्कांचं नंतर.

४. शाळेशी बोलण्याआधी मुलाशी बोला

सेकंडरीच्या मुलाला न सांगता शाळेत गेलात की ते तुमच्यापासून पुढच्या गोष्टी लपवायला लागतं. साधं सांगा, 'मी मॅडमना भेटणार आहे, तुझी तक्रार करायला नाही, तुला कुठे अडतंय ते सांगायला. तुझ्या मते काय सांगू?' आणि मग खरंच ते सांगा.

'अभ्यास का नाही करत' या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं, 'करतो ना'. त्यापेक्षा 'कुठल्या तासाला वेळ जाता जात नाही', 'कुणाच्या तासाला प्रश्न विचारायची भीती वाटते', 'होमवर्कपैकी कुठलं सगळ्यात शेवटी करतोस' असे प्रश्न विचारा. समोरासमोर बसून नका विचारू, गाडीत किंवा चालताना विचारा, या वयाची मुलं शेजारी बसून जास्त बोलतात. मुलाने एखादी गोष्ट कुणाला सांगू नको म्हटलं तर ती सांगू नका. अपवाद फक्त सुरक्षिततेचा.

५. वर्गशिक्षकांना मेल

फोन नको, गेटवर गाठून तर मुळीच नको. मी तीस-पस्तीस मुलांना सोडत असताना गेटवर ऐकलेलं स्टाफरूममध्ये पोचेपर्यंत अर्धं विसरलेली असते, खरं सांगते. मेल छोटा असावा आणि त्यात चारच गोष्टी असाव्यात: काय दिसलं, कशावरून, तुम्हाला काय हवंय, आणि कधी येऊ शकता. असा काहीसा:

'नमस्कार मॅडम, मी आठवी ब मधल्या अमुकची आई. मागच्या दोन टेस्टचे सायन्स, इतिहास आणि गणिताचे पेपर आम्ही एकत्र बघितले. तिन्हीमध्ये शेवटचे प्रश्न सुटलेत आणि जे तोंडी सांगता येतंय ते लिहिताना अपुरं राहतंय. वर्गातही असंच दिसतं का हे विषय शिक्षकांकडून समजलं तर बरं होईल. त्यानंतर २० मिनिटं भेटता येईल का? मंगळवार किंवा गुरुवारी शाळा सुटल्यावर मला जमेल.'

बस. 'आम्ही एवढी फी भरतो' हे वाक्य या मेलमध्ये नको. ते खरं आहे, पण त्याने मेल वर्गशिक्षकाकडून सरळ वरच्या ऑफिसकडे जातो आणि मग तिथून येणारं उत्तर गोड पण पोकळ असतं.

मेलमध्ये 'वर्गात कसं दिसतं' हा प्रश्न असायलाच हवा कारण त्यामुळे वर्गशिक्षकाला बाकीच्या शिक्षकांना विचारावं लागतं, आणि सुरुवातीला म्हटलं ते जोडायचं काम तिथे सुरू होतं. आठवडाभर उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली एक आठवण करा. दुसऱ्या आठवड्यानंतर को-ऑर्डिनेटरना कॉपीत घ्या. त्याआधी नाही.

६. मीटिंग

जाताना न्यायचं: पेपरचं ढिगांचं एक पान, जुने डोळे-कान-डॉक्टर यांचे रिपोर्ट असतील तर ते, आणि तीन प्रश्न. तीनच. पालक दहा मुद्दे घेऊन येतात आणि वीस मिनिटांत पहिल्या दोनावर वाद होऊन वेळ संपतो.

माझ्या मते विचारायचे प्रश्न हे: इतर विषयांत हाच पॅटर्न दिसतो का? वर्गात काय केल्यावर याला जमतं? आणि पुढचे सहा आठवडे आपण नेमकं काय करून बघायचं? मधला प्रश्न कुणी विचारत नाही, पण बरेचदा शिक्षकांकडे उत्तर तयार असतं: पुढच्या बाकावर बसवलं की लिहितो, सूचना फळ्यावर लिहिली की चुकत नाही, जोडीने काम दिलं की बोलते. अशा छोट्या गोष्टी एका शिक्षकाला माहीत असतात आणि बाकी सहांना नसतात.

'लक्ष देत नाही', 'मेहनत कमी पडते', 'बुद्धी आहे पण वापरत नाही' असली वाक्यं आली तर भांडू नका, 'म्हणजे नेमकं काय होतं, एखादं उदाहरण सांगाल का' विचारा. उदाहरण आलं की ते बहुतेक वेळा तुमच्या ढिगांपैकी एकात बसतं. दोन पालक जाणार असाल तर आधी घरी एकमत करा. आईने एक आणि बाबांनी दुसरं सांगितलं की शिक्षक दोघांनाही हो म्हणतात आणि काहीच करत नाहीत.

मूल मीटिंगला हवं का? आठवीच्या पुढे, शेवटची दहा मिनिटं तरी हवं. त्याच्यावर जे ठरतंय ते त्याला नंतर ऐकवलं की ते शिक्षा वाटते.

चेक: त्याच संध्याकाळी मेल पाठवा, 'आज असं ठरलं' म्हणून चार ओळी. शाळा मीटिंगची लेखी नोंद पाठवेल म्हणून थांबू नका. पुढे कधी काही लागलं तर हाच मेल कामाला येतो.

७. प्लॅन: कमी गोष्टी, नावासकट

चांगला सपोर्ट प्लॅन एका पानात मावतो. त्यात काय करायचं, कोण करणार, किती वेळा, आणि कधी तपासायचं एवढं असतं. 'शिक्षक वैयक्तिक लक्ष देतील' हे वाक्य प्लॅनमध्ये दिसलं तर समजा काहीच ठरलेलं नाही. त्याऐवजी असं हवं: सायन्सच्या मॅडम मोठ्या उत्तरासाठी मुद्द्यांचा सांगाडा देतील, आठवड्याला एक, इतिहासाचे सर टेस्टमध्ये अर्धी वेळ झाली की याला खूण करतील, स्पेशल एज्युकेटर सोमवारी एक तासिका, उत्तर आखून लिहिण्यावर, तारीख अमुक, त्या दिवशी पुन्हा भेट.

एका वेळी दोन, फार तर तीन बदल. सगळं एकदम सुरू केलं की काय लागू पडलं ते कळत नाही आणि मूलही दमतं. आणि स्पेशल एज्युकेटरची तासिका कुठल्या विषयाच्या जागी काढणार ते विचारा! मुलाचा आवडता खेळाचा किंवा चित्रकलेचा तास काढून तिथे बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून त्या खोलीचा राग करणार. वेगळे पैसे असतील तर किती सेशन, किती मुलांच्या गटात, आणि मध्ये बंद करायचं झालं तर काय, हे लेखी घ्या.

८. घरची बाजू

इथे पालकांचा हात बरेचदा नको तितका लागतो. होमवर्क तुम्ही पूर्ण करून दिला तर शिक्षकांना मूल ठीक दिसतं आणि मदतीची गरजच दिसत नाही. अर्धवट राहिलेलं तसंच पाठवा, खाली लिहा '४० मिनिटं केलं, इथपर्यंत झालं'. ही एक ओळ शिक्षकासाठी लाखमोलाची माहिती आहे.

'आ' ढीग मोठा असलेल्यांसाठी: पुन्हा पुन्हा वाचणं हा अभ्यास वाटतो पण टिकत नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग आहे, पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवलं, पण आठवड्याने विचारलं तर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे गेले. रात्री सगळं येत होतं आणि टेस्टमध्ये गेलं, ही मुलांची तक्रार खोटी नसते, ती इथून येते. त्यामुळे धडा वाचून झाला की पुस्तक बंद, कोऱ्या कागदावर आठवेल ते, मग उघडून लाल पेनने भर. तेच दोन दिवसांनी, मग आठवड्याने. सुरुवातीला मुलांना हे आवडत नाही कारण कमी येतंय असं वाटतं, तेवढं सांभाळून घ्या.

ट्यूशन? 'अ' ढीग खरंच मोठा असेल तर लावा, आणि शिकवणाऱ्याला नेमके धडे सांगा. शाळेचा प्लॅन सुरू झाला त्याच आठवड्यात मात्र नको.

९. सहा आठवड्यांनी तपासा

पुन्हा पेपर, पुन्हा तेच ढीग. एकूण मार्क वाढले का हे दुसऱ्या नंबरला बघा, आधी ढिगांचा आकार बदलला का ते बघा. 'वेळ संपला' ११ वरून ४ वर आला आणि एकूण मार्क फक्त तीनने वाढले, तरी प्लॅन चालतोय, कारण आता जास्त प्रश्न लिहिले जातायत आणि त्यात नवीन चुका होणारच.

फरक पडला तर प्लॅन लगेच बंद करू नका, एकेक आधार हळूहळू काढा. थोडा पडला तर एक गोष्ट बदला. अजिबात नाही पडला तर आधी विचारा की ठरलेलं झालं का, किती वेळा झालं. सोमवारची तासिका सुट्ट्या आणि कार्यक्रमांमुळे सहापैकी दोनदाच झाली, असं सर्रास निघतं. ठरलेलं सगळं होऊनही जर काहीच हललं नाही, तर दहावी पायरी.

१०. असेसमेंट आणि परीक्षेतल्या सवलती

इथे उशीर हीच मुख्य चूक. बोर्डाच्या वर्षात जानेवारीत येऊन 'जादा वेळ मिळेल का' विचारणारे पालक दरवर्षी असतात आणि तोवर फार काही करता येत नाही. मोठ्या परीक्षेच्या किमान दोन वर्षं आधी हा विषय काढा.

क्रम असा ठेवा. पहिलं, शाळेला विचारा की बोर्डाला कुणाचा रिपोर्ट चालतो, कुठल्या नमुन्यात, किती जुना चालतो. दुसरं, मग त्याप्रमाणे असेसमेंट करा. लोक उलटं करतात, महागडा रिपोर्ट घेऊन येतात आणि तो बोर्डाच्या अटीत बसत नाही म्हणून पुन्हा सगळं. तिसरं, रिपोर्ट शाळेत देऊन पोच घ्या. चौथं, त्यातल्या शिफारशी वर्गातल्या टेस्टमध्ये आत्तापासून लागू करायला सांगा.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची. ब्रिटिश परीक्षांच्या नियमात तर स्पष्टच आहे की मागितलेली सवलत ही मुलाची वर्गातली नेहमीची कामाची पद्धत असायला हवी, आणि शाळेला त्याचे पुरावे ठेवावे लागतात. जादा वेळ तिथे सहसा २५ टक्क्यांपर्यंत असतो, सीबीएसईत तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आकडा बोर्डाप्रमाणे बदलतो, पण सराव सगळीकडे लागतो. लेखनिक घेऊन पेपर द्यायचा असेल तर बोलून उत्तर सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे, ते पहिल्यांदा बोर्डाच्या दिवशी करायला गेलं तर मूल गोंधळतं. लॅपटॉपचंही तेच, टायपिंगचा वेग हाताच्या वेगापेक्षा कमी असेल तर सवलत तोट्यात जाते.

रिपोर्ट मुलाला समजेल अशा भाषेत सांगायला असेसमेंट करणाऱ्यांनाच सांगा. घरी लपवून ठेवलेला रिपोर्ट मूल शोधतंच, आणि एकटं वाचतं.

११. काहीच हलत नसेल तर

वर्गशिक्षक, मग को-ऑर्डिनेटर, मग प्रिन्सिपल, मग मॅनेजमेंट. प्रत्येक पायरीवर लेखी, आधीच्या मेलची साखळी जोडून, आणि प्रत्येक वेळी मागणी एकच आणि ठोस. 'शाळा काही करत नाही' याला उत्तर देता येत नाही, 'सोमवारची तासिका सहापैकी चारदा झाली नाही, ती भरून कधी मिळेल' याला द्यावंच लागतं.

एका शिक्षकाबद्दलच अडचण असेल तर आधी त्यांनाच भेटा, अपमान किंवा मारहाणीसारखं काही असेल तर मात्र थेट वर जा, तिथे क्रम पाळायची गरज नाही. शाळा बदलायचा निर्णय टर्मच्या मध्ये रागात घेऊ नका. नवीन शाळेत विचारायचे प्रश्न तेच, सपोर्ट कोण देतं, किती वेळा, त्याचे किती, आणि ते लेखी देतील का.

१२. वर्ष बदलताना

वर्गशिक्षक बदलले की सगळं पहिल्यापासून, अशी तक्रार दर जूनमध्ये असते आणि ती खरी आहे. शाळेत फाइल असते, पण नवीन शिक्षक पहिल्या आठवड्यात तीस फाइली वाचत नाहीत. म्हणून वार्षिक परीक्षा झाली की जुन्या वर्गशिक्षकांसोबत अर्धं पान तयार करा: काय अडतं, काय केल्यावर जमतं, काय करून बघितलं आणि उपयोग झाला नाही, रिपोर्ट असेल तर त्याची तारीख. मुलाला वाचायला द्या, त्याला खटकेल ते काढा. नववी-दहावीचं मूल असेल तर ते पान त्यानेच नवीन शिक्षकांना दिलेलं जास्त बरं. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत पाठवा, पहिल्या टेस्टच्या आधी. आणि सपोर्टची तासिका नवीन टाइमटेबलमध्ये आली आहे का ते तेव्हाच बघा, टाइमटेबल एकदा फिक्स झालं की एका मुलासाठी ते हलवणं को-ऑर्डिनेटरलाही जड जातं.